चार-सहा महिने गाडी उभी राहणार? मग या चुका टाळा

पुण्यातल्या जवळजवळ प्रत्येक सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक तरी गाडी अशी असते, जिचे मालक मुलाकडे नाहीतर मुलीकडे परदेशी गेलेत. मे महिन्यात गेलेले आजी-आजोबा दिवाळीच्या तोंडावर परततात आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी मेकॅनिकला फोन जातो.

गाडी लांबच्या मुदतीसाठी उभी करण्याबद्दल नेटवर शोधलं, तर सापडतो तो सल्ला बहुतेक बर्फाळ देशांतला. कूलंट गोठू नये म्हणून काय करा, रस्त्यावर टाकलेलं मीठ गाडीच्या पोटाखालून धुऊन काढा वगैरे. तिकडे ते बरोबरच आहे. पुण्यातली थंडी मात्र गाडीचं काही बिघडवत नाही. इथे गाडीची वाट लावते ती पावसाळी ओल, नाहीतर उंदीर. आणि या दोघांच्याही आधी बॅटरी मान टाकते.

पाच मिनिटं चालू करून ठेवणं

ही चूक सगळ्यात जास्त होते, आणि तीही काळजीपोटी. चावी शेजाऱ्यांकडे किंवा वॉचमनकाकांकडे दिली जाते: "रविवारी जरा चालू करून ठेवत जा." काका इमानाने चालू करतात, पाच मिनिटांनी बंद करतात. यात बॅटरीचं नुकसानच जास्त. स्टार्टर फिरवताना जो करंट खर्च होतो, तो आयडलिंगला (गाडी जागेवरच उभी ठेवून इंजिन चालू ठेवण्यात) पाच मिनिटांत नीट भरून निघेलच असं नाही. शिवाय इंजिन पुरेसं तापत नाही, त्यामुळे सायलेन्सरमध्ये साठलेलं पाणी तिथेच राहून गंज धरतो आणि न जळलेलं पेट्रोल थोडं थोडं ऑइलमध्ये उतरतं.

म्हणून एक तर विश्वासातल्या, लायसन्स असलेल्या माणसाने पंधरा दिवसांतून एकदा गाडी रस्त्यावर काढून अर्धा तास चालवावी. सकाळी लवकर खडकवासल्यापर्यंत जाऊन यावं, कोथरूडच्या सिग्नलला उभं राहण्यात तो अर्धा तास घालवू नये. असा माणूस नसेल, तर गाडी कोणी चालूच करू नये आणि बॅटरीचा निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवावा.

टर्मिनल का काढायचा, त्याचा हिशोब सोपा आहे. गाडी बंद असली तरी सेंट्रल लॉक, अलार्म, घड्याळ थोडा थोडा करंट ओढतच असतात. तो 30 मिलिअँपिअर धरला, तरी दिवसाला सुमारे 0.7 अँपिअर-तास होतात. छोट्या गाडीतली 35 अँपिअर-तासांची बॅटरी महिन्याभरात निम्म्याच्या खाली येते. तशा अवस्थेत ती पडून राहिली, की प्लेटांवर सल्फेट जमतं आणि नंतर कितीही चार्ज केली तरी पहिल्यासारखी राहत नाही. डॅशकॅम किंवा जीपीएस ट्रॅकर जोडलेला असेल, तर हे आणखी लवकर होतं. उंदीर पळवणारं आवाजाचं यंत्र बॅटरीवर लावून जाणारेही आहेत. उंदीर पळाले की नाही हे कळण्याआधी बॅटरी जाते.

टर्मिनल काढण्याआधी काचा वर घ्या. रिमोटच्या पोटातली धातूची चावी दाराला लागते का, हे एकदा करून बघा, कारण नंतर रिमोट चालणार नाही आणि बॉनेटचा खटका गाडीच्या आत असतो. इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांना हे सरसकट लागू नाही, त्यांच्या मॅन्युअलमध्ये वेगळी सूचना असते.

हँडब्रेक ओढून जाणं

पावसाळाभर हँडब्रेक ओढलेला राहिला, की मागच्या चाकातले ब्रेकचे लायनर गंजलेल्या ड्रमला चिकटू शकतात. सपाट जागी गाडी पहिल्या गिअरमध्ये (ऑटोमॅटिक असेल तर पी वर) ठेवा, चाकांना पुढून-मागून विटा किंवा लाकडी ठोकळे लावा आणि हँडब्रेक सोडून द्या. टायरमध्ये नेहमीपेक्षा चार-पाच पीएसआय हवा जास्त भरा, म्हणजे एकाच जागी दबून टायर चपटा होणार नाही. टायरच्या कडेवर लिहिलेली कमाल मर्यादा मात्र ओलांडू नका.

प्लास्टिकचं कव्हर आणि चिवड्याचं पाकीट

ओल्या गाडीवर प्लास्टिकचं कव्हर चढवणं म्हणजे ओल आत कोंडणं. गाडी धुऊन, उन्हात पूर्ण वाळवून, हवा खेळेल असं कापडी कव्हर घाला. बेसमेंटमध्ये तर साधी जुनी चादरही चालते. मॅट काढून घरात ठेवा, नाहीतर परत आल्यावर सीटवर बुरशीचे ठिपके दिसतील.

उंदरांसाठी पहिलं काम म्हणजे डिकी आणि ग्लोव्ह बॉक्स रिकामे करणं. प्रवासातला उरलेला चिवडा, टिश्यू पेपर, नातवाचं बिस्कीट, सगळं बाहेर. बरेच जण बॉनेटखाली तंबाखूची पानं बांधतात. काही दिवस वास राहतो, सहा महिने नाही. मध्ये कोणीतरी बॉनेट उघडून बघणं जास्त उपयोगाचं.

टाकी जवळजवळ भरून ठेवा. आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉल ओल शोषतं. टाकीत मोकळी हवा कमी, तर ओलही कमी. ऑइल बदलायची वेळ जवळ आली असेल, तर जाण्याआधीच बदला.

जागेबद्दल मात्र पुणेकरांनी जरा जास्त विचार करावा. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुराने सहकारनगर-अरण्येश्वर भागात काय केलं आणि जुलै 2024 मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी कसं शिरलं, हे सगळ्यांना माहीत आहे. नदी किंवा ओढा जवळ असेल, तर बेसमेंट नको. ओळखीच्यांकडे वरच्या जागेची सोय बघा. मध्येच विम्याची मुदत संपत असेल, तर जाण्याआधी नूतनीकरण करा. मुदत संपून 90 दिवस उलटले की नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत) जातो.

परत आल्यावर

जेट लॅगमध्ये खाली जाऊन थेट चावी फिरवू नका. आधी बॉनेट उघडा. एअर फिल्टरच्या डब्यात घरटं आहे का, वायर किंवा रबरी पाइप कुरतडलेत का, गाडीखाली डाग पडलाय का, ते बघा. पेट्रोलचा वास आला तर तिथेच थांबा.

टर्मिनल जोडल्यावर नुसता टक-टक आवाज येत असेल, तर बॅटरी उतरली आहे. पुन्हा पुन्हा सेल्फ मारून ती भरणार नाही. चार्जर लावा किंवा जंप स्टार्ट करा. इंजिन चालू झालं पण गाडी हलत नसेल, तर ब्रेक चिकटलाय. अ‍ॅक्सिलरेटर दाबून ओढू नका. हलकेच पुढे-मागे करून बघा, नाही सुटला तर मेकॅनिकला बोलवा. सुरुवातीला ब्रेक लावताना खरखर आली, तर बहुधा डिस्कवरचा वरवरचा गंज असतो, चार-सहा वेळा ब्रेक लागले की जातो.

गाडी पाण्यात होती असं कळलं, तर स्टार्ट करायचीच नाही, टो करून न्यायची. इंजिनात पाणी असताना सेल्फ मारला तर इंजिनातला कनेक्टिंग रॉड वाकू शकतो, आणि विम्यासोबत वेगळं घ्यायचं इंजिन प्रोटेक्ट अ‍ॅड-ऑन नसेल तर तो खर्च सहसा विम्यात बसत नाही. वायर कुरतडलेल्या दिसल्या तरी आधी फोटो काढा, विमा कंपनीला कळवा आणि मगच मेकॅनिकला हात लावू द्या. दुरुस्ती उरकून बिल पाठवलं, तर विमा कंपनीचा नुकसान तपासणारा सर्व्हेअर बघणार काय?