शहर कडेला कुठे तुटतंय, हे नकाशावर कसं मोजायचं

रस्ते एकमेकांना किती जोडलेले आहेत हे मोजताना अख्ख्या शहराची सरासरी काढू नका. जुन्या गावठाणातल्या बोळांमुळे आकडा बरा दिसतो आणि कडेचा गोंधळ झाकला जातो. भाग वयानुसार वेगळे करा. पुण्यात हे सोपं आहे: सदाशिव पेठ, १९९७ साली महापालिकेत आलेलं बाणेर, २०१७ साली आलेली उंड्री आणि २०२१ मधली वाघोली. प्रत्येक ठिकाणी एक किलोमीटर बाजूचा चौकोन आखा. बरेच लेआउट ग्रामपंचायत असतानाच पडलेले असतात, तेव्हा बांधकाम नक्की कधीचं ते गूगल अर्थवरच्या जुन्या चित्रांवरून पडताळा.

मग गाठी मोजा. तीन किंवा जास्त रस्ते मिळतात ती गाठ, रस्ता संपतो तीही गाठ. नुसतं वळण नाही. दोन गाठींमधला रस्ता म्हणजे एक तुकडा. चौकोनाच्या कडेवर कापले गेलेले रस्ते वगळा, नाहीतर ते बंद टोकं ठरतात. तुकडे भागिले गाठी. आकडा १.४ किंवा त्यापुढे आला तर जाळं चालण्याजोगं समजतात.

समजा, मुख्य रस्त्याला एकाच बाजूने सहा बंद गल्ल्या आहेत. गाठी १२, तुकडे ११, म्हणजे ०.९२. गल्ल्यांची टोकं मागून एका रस्त्याने जोडली की पहिल्या आणि शेवटच्या गल्लीचं टोक नुसतं वळण उरतं. गाठी १०, तुकडे १४, उत्तर १.४. गल्ली २०० मीटर आणि दोन गल्ल्यांत अंतर ६० मीटर असेल, तर एका गल्लीच्या टोकावरून शेजारच्या गल्लीच्या टोकाला जायला आधी ४६० मीटर पडायचे, आता ६०.

हा वळसा वेगळा मोजाच. ओएसएमएनएक्स (ओपनस्ट्रीटमॅपवरून रस्त्यांचं जाळं मोजणारं पायथनचं साधन) वापरत असाल तर त्यातला वळशाचा आकडा फक्त एकेका तुकड्याचा असतो. सरळसोट बंद गल्ल्यांनाही तो १ च्या आसपास गुण देतो. त्यापेक्षा ठिकाणांच्या वीसेक जोड्या निवडून चालायचं अंतर भागिले सरळ रेषेतलं अंतर काढा. माझा भरवसा याच आकड्यावर.

नकाशाही फसवतो. सोसायटीचं कुलूपबंद गेट त्यावर रस्ता दिसतो, दुभाजकाचा रस्ता दोन रेषांचा होऊन खोट्या गाठी वाढवतो. संशयाची ठिकाणं पायी बघून या.

बंद टोकं पडतात ती जमिनीच्या तुकड्यांमुळे. जमिनीच्या लांबट गटात प्रत्येक मालक आपल्यापुरता एनए (बिगरशेती) लेआउट करतो, रस्ता आपल्या हद्दीच्या भिंतीशी संपवतो. जोडणारा डीपी (विकास आराखड्यातला) रस्ता भूसंपादनाअभावी कागदावरच राहतो. म्हणून शेवटी समोरासमोरची बंद टोकं नकाशावर लाल करा आणि डीपीच्या नकाशाशी ताडा. तिथे रस्ता दाखवलेला असेल तर भूसंपादनाचा पाठपुरावा करा. नसेल आणि पलीकडचा लेआउट अजून मंजूर व्हायचा असेल, तर निदान पायवाटेची जागा आत्ताच मागा. भिंत उभी राहून प्लॉट विकले गेले की तेवढीही मिळत नाही.