प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याचा दर्जा सुधारण्यासाठी सरकारी निधी कसा मिळवावा: महाराष्ट्रातील नगरपरिषदा आणि महापालिकांसाठी

एसटीपीतून (सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून) बाहेर पडणारे पाणी उद्योगाला, वीज केंद्राला किंवा बागांना द्यायचे ठरले की बहुतेक शहरे थेट टर्शरी प्लांटचे, म्हणजे त्या पाण्यावर आणखी एकदा प्रक्रिया करणाऱ्या प्लांटचे, अंदाजपत्रक घेऊन मंत्रालय गाठतात. असे प्रस्ताव त्रुटी काढून परत येतात. पाणी आज कसे आहे, ते कसे व्हायला हवे आणि कोण घेणार, हे त्या फाइलीत कुठेच नसते. तपासणाऱ्या अभियंत्याने प्लांटची क्षमता विचारली की उत्तर मिळते, पण तीच क्षमता का, याचे उत्तर मिळत नाही. म्हणून कामाची सुरुवात अंदाजपत्रकापासून करू नका.

आधी पाणी घेणारा शोधा

नागपूर महापालिकेने भांडेवाडीच्या एसटीपीतल्या पाण्यासाठी महानिर्मिती या सरकारी वीज कंपनीशी करार केला आणि ते पाणी कोराडीच्या वीज केंद्राकडे वळवले. नवी मुंबईत कोपरखैरणे आणि ऐरोली येथे प्रत्येकी २० एमएलडीचे (रोज २० दशलक्ष लिटरचे) टर्शरी प्लांट केंद्राच्या अमृत या शहरी पाणी योजनेतून उभे राहिले, ते जवळच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यातली मागणी समोर ठेवून. दोन्ही ठिकाणी मोठा ग्राहक जवळ होता.

तुमच्या शहराभोवती औष्णिक वीज केंद्र असेल तर केंद्राच्या २०१६ च्या वीजदर धोरणाचा आधार घ्या. एसटीपीपासून ५० किलोमीटरच्या आतल्या औष्णिक केंद्रांनी प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरणे त्यात बंधनकारक केले आहे. वीज केंद्र नसेल तर एमआयडीसी, रेल्वेची धुलाई केंद्रे, मोठी बांधकामे, महापालिकेच्याच बागा आणि दुभाजक अशी यादी करा. शेती सर्वांत सोपी वाटते, पण शेतकऱ्याला पाणी वर्षाचे बाराही महिने लागत नाही आणि पावसाळ्यात उचल थांबते. शेती हाच एकमेव ग्राहक असेल तर प्लांटच्या देखभालीचे पैसे येणार कुठून, हा प्रश्न छाननीत हमखास निघतो.

ग्राहकाकडून नुसते ‘स्वारस्य आहे’ असे पत्र आणू नका. पत्रात रोजचे प्रमाण, पाण्याचा दर्जा प्रत्येक घटकानिशी, सुपूर्दगीचा बिंदू, सध्या तो पाण्याला देत असलेला दर आणि किमान उचलीची हमी एवढे तरी हवे. पाणी उचलले नाही तरी किमान रक्कम भरावी लागेल, ही अट करारात नसेल तर पहिल्याच चांगल्या पावसाळ्यानंतर धरणाचे पाणी मुबलक झाले की ग्राहक तुमची पाइपलाइन बंद करतो.

दर्जा ठरवताना टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, हा विषय पहिल्याच बैठकीत मांडा. घरगुती वापरानंतर पाण्यातले विरघळलेले क्षार साधारणपणे लिटरमागे २०० ते ४०० मिलिग्रॅमने वाढतात. वाळूची गाळणी, अल्ट्राफिल्ट्रेशन (अतिसूक्ष्म पडद्यातून गाळणे) किंवा यूव्ही (अतिनील किरण) यांपैकी काहीही ते क्षार काढत नाही. ग्राहकाला कूलिंग टॉवरसाठी कमी टीडीएस, कमी कठीणपणा आणि कमी सिलिका हवी असेल तर आरओ (दाब देऊन पडद्यातून क्षार वेगळे करणे) लागते, आणि आरओ आले की आत गेलेल्या पाण्याचा चौथा हिस्सा किंवा त्याहून जास्त भाग टाकाऊ खारट पाणी (रिजेक्ट) म्हणून उरतो. त्याची विल्हेवाट कुठे लावणार हे आधी ठरवा. अनेकदा आरओ ग्राहकाने आपल्या आवारात बसवणे दोघांनाही स्वस्त पडते: सरकारी निधीतून तुम्ही स्वच्छ, जंतुमुक्त पाणी द्यायचे, आणि क्षार त्याने त्याच्या गरजेपुरते काढायचे.

आजचा दर्जा मोजा, नीट मोजा

महिन्यातून एकदा सकाळी दहा वाजता भरलेल्या बाटलीचा अहवाल डीपीआरला (सविस्तर प्रकल्प अहवालाला) पुरत नाही. रात्री तीनला आणि सकाळी आठला येणाऱ्या मैलापाण्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. दर तासाला प्रवाहाच्या प्रमाणात नमुना घेऊन २४ तासांचा एकत्रित नमुना तयार करा, असे सलग सात दिवस करा, आणि ते एप्रिल-मेमध्ये एकदा व पावसाळ्यात एकदा करा. पावसाळ्यात गटारांत पाणी शिरल्याने बीओडी (पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवायला लागणारा ऑक्सिजन) कमी दिसते. फक्त त्या आकड्यांवर बेतलेला प्लांट उन्हाळ्यात कोलमडतो. जंतूंचा नमुना मात्र एकत्रित घेऊ नका. तो निर्जंतुक बाटलीत एका वेळी घ्यायचा, आणि पाण्यात क्लोरीन असेल तर बाटलीत सोडियम थायोसल्फेट घातलेले हवे, नाहीतर प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत क्लोरीन जंतू मारत राहते आणि अहवाल खोटा चांगला येतो.

तपासणी एनएबीएल (प्रयोगशाळांना राष्ट्रीय मान्यता देणारे मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतूनच करा आणि बीओडी, सीओडी (घाणीचे रासायनिक ऑक्सिडेशन व्हायला लागणारा ऑक्सिजन), निलंबित घन, अमोनिया, एकूण नायट्रोजन, फॉस्फरस, अल्कलिनिटी (आम्ल पचवण्याची पाण्याची क्षमता), टीडीएस, मल-कोलिफॉर्म (विष्ठेतले जंतू) हे सगळे घ्या. एसटीपीत येणारे आणि बाहेर पडणारे, दोन्ही पाणी.

हे आकडे तीन मापांशी ताडायचे (जंतू सोडून बाकी आकडे लिटरमागे मिलिग्रॅममध्ये). पहिले, केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाची ऑक्टोबर २०१७ ची अधिसूचना: महानगरांत बीओडी २०, इतरत्र ३०, मल-कोलिफॉर्म १०० मिलिलिटरमागे १००० च्या आत. दुसरे, राष्ट्रीय हरित लवादाचा ३० एप्रिल २०१९ चा आदेश, जो बराच कडक आहे: बीओडी १०, सीओडी ५०, निलंबित घन २०, एकूण नायट्रोजन १०, मल-कोलिफॉर्म इष्ट १०० आणि कमाल २३०. तिसरे, तुमच्या ग्राहकाचे माप. संमतिपत्रात महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने जे आकडे घातले असतील ते पाळणे कायद्याने बंधनकारक आहेच. त्यापेक्षा ढिला दर्जा डीपीआरमध्ये लिहिला तर प्रस्ताव तिथेच संपतो.

टर्शरीआधी जुना प्लांट तपासा

निधीचा सर्वांत मोठा अपव्यय इथे होतो, म्हणून हा भाग घाईने उरकू नका. टर्शरी प्लांट म्हणजे शेवटचा हात फिरवणे. मूळ प्लांटमध्ये गाळ नीट बसत नसेल तर तो गाळ वाळूच्या गाळणीवर चढतो, दिवसातून एकदा करायचे बॅकवॉश (उलटे पाणी सोडून गाळणी धुणे) दर दोन-तीन तासांनी करावे लागते, बॅकवॉशचे पाणी पुन्हा प्लांटच्या डोक्यावर, म्हणजे सुरुवातीला, जाते आणि आधीच दमलेल्या प्लांटवर आणखी बोजा पडतो. गाळाचा एसव्हीआय (गाळ किती नीट बसतो त्याचा निर्देशांक; जास्त म्हणजे वाईट) १५० च्या वर राहत असेल तर आधी तेच दुरुस्त करा.

अमोनियाचे गणित तर कागदावर मांडूनच बघा. बाहेर पडणाऱ्या पाण्यात लिटरमागे १० मिलिग्रॅम अमोनिया नायट्रोजन शिल्लक असेल आणि तुम्हाला मुक्त क्लोरीन टिकवायचे असेल, तर एका मिलिग्रॅम अमोनियामागे व्यवहारात ८ ते १० मिलिग्रॅम क्लोरीन खर्ची पडते. म्हणजे लिटरमागे ८० ते १०० मिलिग्रॅम. एवढे क्लोरीन कुठलेही शहर रोज घालू शकत नाही. मग ऑपरेटर ५ मिलिग्रॅम घालतो, त्याचे क्लोरामाइन (क्लोरीन-अमोनियाचे कमी प्रभावी संयुग) बनते, जंतू पूर्ण मरत नाहीत आणि पाइपलाइनच्या टोकाला पाण्याला वास येतो.

अमोनिया मूळ प्लांटच्या हवा सोडण्याच्या टाकीतच नाहीसा झाला पाहिजे. त्यासाठी विरघळलेला ऑक्सिजन (डीओ) लिटरमागे २ मिलिग्रॅमच्या आसपास, गाळाचे वय पुरेसे जास्त आणि पाण्यात अल्कलिनिटी हवी. एक मिलिग्रॅम अमोनिया नायट्रोजनला सुमारे ४.६ मिलिग्रॅम ऑक्सिजन आणि ७.१ मिलिग्रॅम अल्कलिनिटी लागते. येणाऱ्या पाण्यात ३० मिलिग्रॅम अमोनिया असेल तर अल्कलिनिटी २१५ च्या घरात खर्च होते. ती कमी पडली की पीएच घसरतो आणि नायट्रिफिकेशन (जिवाणूंनी अमोनियाचे नायट्रेट करणे) थांबते, ब्लोअर कितीही चालवले तरी. म्हणून प्रस्तावाचा पहिला भाग ब्लोअर, डिफ्यूझर, गाळ परत फिरवण्याचे पंप आणि ऑनलाइन डीओ मीटर यांच्या दुरुस्तीचा असू द्या. दुरुस्तीचे काम नवीन प्लांटइतके दिमाखदार दिसत नाही, पण प्रत्येक रुपयामागे दर्जा सर्वांत जास्त त्यातूनच सुधारतो.

त्यानंतर टर्शरीची साखळी ग्राहकानुसार ठरवा. बागा आणि बांधकामाला गोठण (रसायनाने बारीक कण एकत्र आणणे), ड्युअल मीडिया म्हणजे दोन थरांची गाळणी आणि ३० मिनिटांच्या संपर्क टाकीसह क्लोरीन पुरते. संडासाच्या फ्लशिंगसाठी सीपीएचईईओ या केंद्राच्या सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संस्थेच्या नियमपुस्तिकेप्रमाणे गढूळपणा २ एनटीयूच्या (गढूळपणाचे एकक) आत आणि मल-कोलिफॉर्म शून्य लागते, तिथे अल्ट्राफिल्ट्रेशन योग्य. गोठणासाठी पीएसी हे रसायन किती घालायचे ते पुरवठादाराच्या पत्रकावरून नव्हे, जार टेस्टवरून (तुमच्याच पाण्यावर भांड्यांत वेगवेगळी मात्रा घालून केलेल्या चाचणीवरून) लिहा.

कोणत्या दारात जायचे

अमृत २.० आणि स्वच्छ भारत अभियान (नागरी) २.० या दोन्ही योजना १ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाल्या आणि २०२५-२६ पर्यंतच्या पाच वर्षांसाठी आखल्या गेल्या. त्यामुळे अर्जापूर्वी नगरविकास विभागाचा ताजा शासन निर्णय काढून नवीन कामे घेतली जात आहेत का, ते पाहणे ही पहिली पायरी.

अमृत २.० मध्ये केंद्राचा हिस्सा एक लाखापेक्षा कमी लोकसंख्येच्या शहरांना ५० टक्के, एक ते दहा लाखांना एक तृतीयांश आणि त्यावरील शहरांना २५ टक्के असा ठेवला आहे. मलनिस्सारणाची कामे मूळ ५०० अमृत शहरांपुरती आहेत. शहराच्या एकूण पाणीमागणीच्या २० टक्के आणि उद्योगांच्या मागणीच्या ४० टक्के गरज राज्य पातळीवर पुनर्वापरातून भागवावी, हे या योजनेचे उद्दिष्ट आहे. तुमचा प्रकल्प त्यात किती एमएलडीची भर घालतो, हे प्रस्तावाच्या पहिल्या पानावर हवे. एक लाखाखालच्या शहरांसाठी सांडपाण्याचे काम स्वच्छ भारत २.० मध्ये येते.

नदी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित पट्ट्यांच्या यादीत असेल तर राष्ट्रीय नदी संवर्धन योजनाही पाहा. पुण्याच्या मुळा-मुठा प्रकल्पाला जायका या जपानी सरकारी संस्थेचे कर्ज याच वाटेने आले. वित्त आयोगाच्या अनुदानातला बंधित भाग पाणी पुनर्वापरासाठीही असतो. पंधराव्या आयोगाची शिल्लक रक्कम तुमच्या खात्यात असेल तर ती स्वहिश्श्यासाठी वापरता येते का, हे लेखा विभागाकडून लेखी घ्या. केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात जाहीर झालेला अर्बन चॅलेंज फंड खर्चाच्या २५ टक्क्यांपर्यंत मदत देतो, पण निदान ५० टक्के रक्कम रोखे, बँक कर्ज किंवा पीपीपीतून (सरकारी-खासगी भागीदारीतून) आणावी लागते. किमान उचलीची हमी देणारा करार हातात असेल तरच त्या वाटेला जा.

एकाच घटकाला दोन योजनांतून पैसे मागू नका. वेगवेगळे घटक वेगवेगळ्या योजनांत टाकता येतात, पण दुबार निधी नसल्याचे प्रमाणपत्र सोबत जोडावे लागते आणि ते पुढे लेखापरीक्षणात तपासले जाते.

डीपीआरमध्ये काय चुकते

क्षमता फुगवणे ही नेहमीची चूक. समजा लोकसंख्या ३ लाख, दरडोई १३५ लिटर, म्हणजे ४०.५ एमएलडी पाणीपुरवठा आणि त्याच्या ८० टक्के म्हणजे ३२.४ एमएलडी सांडपाणी. पण निम्मीच घरे मलवाहिनीला जोडलेली असतील तर प्लांटवर प्रत्यक्षात १६ एमएलडी येते. ग्राहक १० एमएलडी घेणार असेल तर टर्शरी १० चीच ठेवा आणि पुढच्या वाढीसाठी फक्त जागा व पाइपची जोडणी राखा. प्रवाहमापकाची वर्षभराची नोंदवही परिशिष्टात लावा.

देखभालीचा खर्च दुसरी. निविदेत पाच वर्षांची देखभाल असते, पण अनुदानासाठी धरलेल्या प्रकल्प खर्चात ती मोजली जात नाही. जागा आणि पगारही नाहीत. म्हणून दराचे गणित मांडा. समजा वीज, रसायने, माणसे आणि मेम्ब्रेन (गाळण्याचे पडदे) बदलण्याची राखीव रक्कम मिळून वर्षाला २.२ कोटी लागतात. रोज १० एमएलडी, ३३० दिवस विकले तर ३३ लाख किलोलिटर होतात आणि खर्च किलोलिटरमागे सुमारे ६.६७ रुपये पडतो. उचल ६० टक्क्यांवर आली, आणि खर्च तेवढाच राहिला, तर तोच आकडा ११ रुपयांच्या पुढे जातो. दोन्ही आकडे दाखवा आणि मधली तूट कोणत्या निधीतून भरणार, याचा सर्वसाधारण सभेचा ठराव जोडा.

बाकीच्या कागदांत सातबारा उतारा शहराच्या नावे असणे, जलसंपदा विभागाकडून निळ्या-लाल पूररेषेचा दाखला, महावितरणचा वाढीव भार, रस्ता व रेल्वे ओलांडण्याच्या परवानग्या आणि प्रदूषण मंडळाची स्थापनेची संमती हे सगळे येते. पूररेषेचा दाखला लवकर मागा, कारण एसटीपी हमखास नदीकाठी असतो आणि जागाच बाद झाली तर आराखडा पुन्हा करावा लागतो. अंदाजपत्रक चालू दरसूचीवर हवे. डीपीआर कपाटात वर्षभर पडला असेल तर दर पुन्हा बसवूनच तांत्रिक मान्यतेला पाठवा.

मंजुरी आणि हप्ते

क्रम साधारण असा: सभेचा ठराव, महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडून किंवा सक्षम अभियंत्याकडून तांत्रिक मान्यता, राज्यस्तरीय तांत्रिक समिती, मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालील उच्चाधिकार समिती आणि मग राज्याच्या जल कृती आराखड्यातून केंद्राची अपेक्स समिती. त्रुटी पत्र आले की प्रत्येक मुद्द्यासमोर उत्तर आणि पान क्रमांक असा तक्ता करून पूर्तता द्या. अर्धवट पूर्तता पाठवली तर फाइल पुढच्या बैठकीला जाते, आणि दोन बैठकांमध्ये कित्येक महिने जाऊ शकतात.

अमृत २.० मध्ये केंद्राचा हिस्सा २०:४०:४० अशा तीन हप्त्यांत मिळतो. प्रकल्प ३० कोटींचा आणि केंद्राचा हिस्सा १० कोटी असेल तर हातात आधी येतात फक्त २ कोटी. ठेकेदाराचे पहिले देयक त्याहून मोठे असू शकते, म्हणून राज्याचा आणि स्वतःचा हिस्सा केव्हा जमा होणार याचे महिनावार पत्रक निविदेआधीच तयार ठेवा. पुढचे हप्ते उपयोगिता प्रमाणपत्र आणि त्रयस्थ तपासणी संस्थेच्या अहवालावर सुटतात. बँकेतले व्याज प्रमाणपत्रात न दाखवणे, राज्याचा हिस्सा उशिरा वर्ग होणे आणि मापन पुस्तिकेतले प्रमाण देयकाशी न जुळणे, या तीन कारणांनी हप्ते अडकतात.

निविदेत ठेकेदाराची कामगिरी चाचणी नेमकी लिहा: सलग किती दिवस, कोणत्या प्रवाहाला, कोणत्या बिंदूवर, कोणते घटक. चाचणी उन्हाळ्यातल्या भाराला घ्या. सुपूर्दगीच्या बिंदूवर गढूळपणा आणि उर्वरित क्लोरीनचे ऑनलाइन मीटर बसवा, आणि आकडा बिघडला की पाणी ग्राहकाकडे न जाता आपोआप प्लांटच्या डोक्यावर वळेल असा व्हॉल्व्ह अंदाजपत्रकातच धरा. नंतर तो बसवायला वेगळी मंजुरी लागते.