मिरगाच्या आधी मातीचा नमुना काढा, पण नीट काढा

राम राम मंडळी. तूर हरभरा निघालाय, वावरं मोकळी पडलीत, शेणखत अजून पांगलं नसेल तर हाच टाइम आहे मातीचा नमुना काढायचा, एकदा खत पांगलं की रिपोर्टात मातीपेक्षा खतच जास्त दिसतं.

एक हिशेब बघा. एकरभर वावरात वरच्या अर्ध्या फुटात साधारण 9 लाख किलो माती असते, आपण लॅबला देतो अर्धा किलो, आणि सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या काडीकचऱ्याचा, शेणखताचा मातीतला कर्ब) काढायला त्यातली घेतात साधारण 1 ग्रॅम. नमुनाच चुकला तर लॅबवाला काय करणार? माझं एकदा तसंच झालं, घाईघाईत फाटकाजवळची दोन खुरपी माती भरून दिली, तिथं आधी उकिरडा होता हे ध्यानातच नव्हतं, कर्ब भरपूर आला, मी खत कमी केलं आणि त्या साली सोयाबीन गुडघ्याच्या वर गेलंच नाही. तेव्हापासून नमुना मी स्वतः काढतो.

वावरात नागमोडी फिरत 10-15 ठिकाणं धरायची. धुरा, झाडाखालची जागा, विहिरीजवळची, उकिरड्याची, पाणी साचतं ती, एवढ्या सोडायच्या. काळी अन् बरड एकाच वावरात असेल तर दोन वेगळे नमुने, मिसळायचे नाहीत. वरचा काडीकचरा बाजूला सारून इंग्रजी व्ही सारखा वीतभर खोल खड्डा घ्या, आतली माती काढून टाका, मग बाजूची कड वरपासून खालपर्यंत बोटभर जाडीनं तासून घ्या. जस्त-लोह तपासायचं असेल तर गंजलेलं खुरपं अन् जस्ताची बादली वापरू नका, लाकडी कामटी आणि प्लास्टिकचं घमेलं बरं. सगळी माती फडक्यावर कालवून चार भाग करा, समोरासमोरचे दोन फेका, परत कालवा, अर्धा किलो उरेपर्यंत हेच. सावलीत वाळवायची, उन्हात नाही. मोसंबी-आंब्याच्या बागेला मात्र फूट-फूटभराचे तीन थर वेगवेगळे घ्यावे लागतात.

लॅबमध्ये माती 2 मिलिमीटरच्या चाळणीतून काढतात. आपल्याकडच्या चुनखडीच्या, सामू (पीएच) 8 च्या आसपास असलेल्या मातीत स्फुरद (फॉस्फरस) ओल्सेन पद्धतीनं काढलेला पाहिजे, ब्रे पद्धत आम्लधर्मी मातीची आहे, म्हणून कोणती वापरली ते बिनधास्त विचारा. कर्ब वॉकली-ब्लॅक पद्धतीनं काढतात, त्यात मुळं-काड्या राहिल्या तर आकडा फुगतो. चुनखडी तर घरीच कळते, ढेकळावर लॅबचं पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल टाकलं की फसफसतं, लिंबूही थोडं चालतं. अशा वावरात सोयाबीनची कोवळी पानं पिवळी अन् शिरा हिरव्या दिसल्या तर लोह कमी पडलंय, युरिया टाकत बसू नका.

जायकवाडीच्या कालव्याखालच्या भावांनी विद्युत वाहकता (मातीत क्षार किती ते यावरून कळतं) आणि सोडियम नक्की बघावं. घरी एक करा, सुकं ढेकूळ ग्लासभर स्वच्छ पाण्यात न हलवता ठेवून द्या, दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ दुधासारखंच दिसलं तर जमीन चोपण (सोडियम वाढून बिघडलेली) होत चाललीय असं धरा, पण रिपोर्ट आल्याशिवाय ती सुधारायला जिप्सम विकत घेऊ नका.

पाणी मुरायची चाचणी, म्हणजे पाइपचा तुकडा ठोकून त्यात पाणी ओतून वेळ बघायचा, ती आत्ता करून उपयोग नाही, मे महिन्यात काळ्या मातीच्या भेगा एवढ्या असतात की पाणी सरळ खालीच जातं. गांडुळंही आता खोल गेलेली असतात. ही दोन्ही कामं श्रावणात, भेगा मिटल्यावर. एक फूट लांब-रुंद, वीतभर खोल माती उचलून पोत्यावर फोडायची अन् गांडुळं मोजायची, धुऱ्यालगत एकदा आणि वावराच्या मधोमध एकदा, दोन्ही आकडे वहीत लिहून ठेवा.

थैलीत गट नंबर, तारीख, मागचं पीक, पुढचं पीक लिहिलेली चिठ्ठी, आणि तीच दुसरी बाहेर बांधा. जूनमध्ये सगळ्यांचेच नमुने एकदम येतात, मेच्या पहिल्या पंधरवड्यात कृषी विज्ञान केंद्रात नाहीतर परभणीला विद्यापीठात देऊन टाका.