लहानपणापासूनचा आजार आणि विशीतलं मन

टाइप १ मधुमेह, दमा किंवा अपस्मार (फिट येणं) लहानपणापासून सोबत असेल, तर मनाची काळजी शरीरापासून सुरू करा. ठाणे-वाशी लोकलच्या गर्दीत छाती धडधडली, घाम फुटला, तर ती भीतीच असेल असं धरून चालू नका. मधुमेह असेल तर आधी साखर तपासा. ७० च्या खाली असल्यास १५ ग्रॅम ग्लुकोज घ्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. मशीन जवळ नसेल तर न थांबता ग्लुकोज घ्या. दम्याच्या साल्ब्युटामॉल पंपाने हात थरथरू शकतात, स्टेरॉइडने झोप उडू शकते, अपस्माराच्या लेव्हेटिरासिटॅम या औषधाने चिडचिड वाढू शकते. म्हणून लक्षण, वेळ आणि औषध एकाच ओळीत लिहून ठेवा. अपस्माराची गोळी स्वतःहून कधीच बंद करू नका, झटके पुन्हा येऊ शकतात.

डॉक्टरांकडे आधी एकट्याने बोला, मग आईबाबांना आत बोलवा. हे त्यांना घरीच सांगून ठेवा. इतकी वर्षं उत्तरं त्यांनीच दिली आहेत, दाराशी अडवलं तर मन दुखतं.

दोन आठवडे उदास वाटलं तर पीएचक्यू-९ ही नैराश्य तपासणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली भरा. थकवा, भूक, झोप यांचे गुण मूळ आजारानेही वाढतात, म्हणून पहिले दोन प्रश्न (कशात रस न वाटणं आणि उदास वाटणं) जास्त महत्त्वाचे. एकूण गुण १० किंवा त्याहून जास्त आल्यास मानसोपचारतज्ज्ञ गाठा. मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दलच्या नवव्या प्रश्नाला शून्य सोडून काहीही उत्तर आलं, तर त्याच दिवशी. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर चोवीस तास मराठीत बोलता येतं.

आणि आठवड्यातून एकदा ठाण्यातल्या मासुंदा तलावाकाठी मित्रांसोबत फिरा, आजाराचा विषय न काढता. त्यांतल्या एकाला मात्र ग्लुकोज कुठल्या खिशात आहे ते माहीत हवं.