गणपतीचे फोटो: मीटरिंग आणि व्हाइट बॅलन्स कसं लावावं

बॅटरी, कार्ड, पुसलेली लेन्स हे सगळं झालंय असं धरून चालते. फाइल रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) ठेवा.

आधी मीटरिंग, म्हणजे कॅमेऱ्याने उजेड मोजणं, कारण ते सोपं आहे. समोर मूर्ती आहे की भिंत, हे मीटरला ठाऊक नसतं. तो येणारा उजेड मोजतो आणि सगळं मध्यम करड्यावर आणून ठेवतो. म्हणून पांढरा सदरा मळकट दिसतो आणि काळी छत्री राखाडी. पांढरं जास्त असेल तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायचं सेटिंग) +1 करा, काळं जास्त असेल तर −1. एरवी अख्ख्या फ्रेमचा उजेड मोजणारं मॅट्रिक्स (कॅननवाल्यांचं इव्हॅल्युएटिव्ह) पुरतं. सार्वजनिक मंडपात मात्र मूर्तीमागे एलईडीचं चक्र गरगरत असतं, तिथे स्पॉट लावा, तो एका छोट्या ठिपक्यापुरताच उजेड मोजतो. रीडिंग मूर्तीच्या गालावर घ्या, मुकुटावर नको. मुकुट चमकतो, त्यावर मोजलंत की चेहरा काळवंडलाच. निकॉनवर स्पॉट फोकस पॉइंटबरोबर सरकतो, पण कॅननच्या बहुतेक डीएसएलआरवर तो मधोमधच असतो. तेव्हा मधोमध मोजा, एई लॉक (मोजलेला उजेड धरून ठेवणारं बटण) दाबा, मग फ्रेम जुळवा. मूर्तीवरचा उजेड बदलत नसेल तर मीटरने दिलेले तेच आकडे मॅन्युअलवर टाका आणि मीटरला विसरा.

आता व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगाप्रमाणे फोटोचे रंग जुळवणं. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात: आकडा कमी तितका पिवळा, जास्त तितका निळसर. उघड्यावर तो डेलाइटवर, म्हणजे साधारण 5200 ते 5500 केल्विन. चौपाटीवर सूर्य बुडताना ऑटो लावू नका. ज्या केशरी रंगासाठी तुम्ही तिथे गेलात, तोच तो पुसायला बघतो.

आता घरचा गणपती. मला सगळ्यात जास्त घाम फोडला तो यानेच. गिरगावातल्या चाळीची खोली घ्या. गॅलरीकडून दिवसाचा उजेड, छताला 6500 केल्विनची पांढरीफटक ट्यूब, मखरात 2700च्या आसपासची पिवळी माळ. कॅमेऱ्यात तुम्ही आकडा एकच टाकणार, आणि एक आकडा एकाच उजेडाला लागू पडतो. बाकीचे दोन चुकणारच. मग काकूंचा एक गाल हळदीचा आणि दुसरा निळसर. ‘रॉ आहे ना, नंतर बघू’ म्हणणाऱ्यांचं इथे अजिबात ऐकू नका. रॉमध्ये अख्ख्या फोटोचा रंग सरकवता येतो, पण दोन गालांचं भांडण मिटत नाही. एकेक चेहरा निवडून रंगवत बसायची हौस असेल तर गोष्ट वेगळी.

तेव्हा सेटिंगला हात लावण्याआधी भिंतीवरच्या बटणाला हात लावा. “काकू, पाच मिनिटं ट्यूब बंद करू का?” एवढं विचारायचं. नाही कोणी म्हणत नाही. दिवसा खिडकीचा उजेड ठेवा. माळ पिवळी दिसेल, दिसू दे, ती पिवळीच आहे. रात्री ट्यूब ठेवायची की पिवळे दिवे, ते एकदाच ठरवा. निरांजनाच्या ज्योतीचा रंग सुधारायला जाऊ नका, ती 2000 केल्विनच्याही खाली असते आणि केशरीच शोभते.

उजेड ठरला की कस्टम व्हाइट बॅलन्स, म्हणजे त्याच उजेडात कॅमेऱ्याला रंग मोजायला लावणं. ‘कुठलाही पांढरा कागद चालतो’ हा सल्ला ज्याने पसरवला त्याला माझा नमस्कार. झेरॉक्सच्या कागदात तो जास्त शुभ्र दिसावा म्हणून चमक आणणारी रसायनं असतात, आणि दिवसाच्या उजेडात तो चक्क निळसर असतो. कॅमेरा तो निळा काढायला जातो आणि सगळे फोटो पिवळट येतात. साधं ग्रे कार्ड (मोजण्यासाठीचं करडं कार्ड) घ्या. ते कॅमेऱ्याजवळ धरू नका. माणूस जिथे उभा राहणार तिथे, चेहऱ्याच्या जागी धरा. चाळीतल्या हिरव्या ऑइलपेंटच्या भिंती चेहऱ्यावर आपला रंग टाकतात, आणि पावसाळ्यात गॅलरीला बांधलेली निळी ताडपत्री तर विचारूच नका. कार्ड तिथेच धरलं तरच हे सगळं मोजलं जातं. फ्रेम कार्डाने भरा, फोकस मॅन्युअल करा (कोऱ्या कार्डावर ऑटोफोकस नुसता घरघरतो) आणि कार्ड पांढरंफेक होऊ देऊ नका, नाहीतर मोजमापच खोटं. कॅननवर हा फोटो काढून मेनूत निवडायचा, निकॉनवर प्रीसेट मॅन्युअलमध्ये मोजायचा.

एवढं करूनही एलईडीखाली लागोपाठच्या फोटोंचे रंग वेगवेगळे येत असतील, तर दोष व्हाइट बॅलन्सचा नाही. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे स्वस्तातला दिवा सेकंदाला 100 वेळा लुकलुकतो. शटर 1/100 किंवा 1/50 ठेवा.

सोडियमच्या जुन्या पिवळ्या दिव्याखाली मिरवणूक असेल तर फार झटू नका. बरेचसे रंग त्या उजेडात नसतातच, सरळ कृष्णधवल करा. आणि खोलीतून गॅलरीत आलात की कार्ड पुन्हा काढा.