मटार कधी पेरायचा? तारीख नव्हे, वाफसा बघा

‘पाणी गोठवणारी शेवटची रात्र सरायच्या चार ते सहा आठवडे आधी मटार पेरा.’ बर्फ पडणाऱ्या थंड प्रदेशातला हा सल्ला चूक नाही, अर्धवट आहे. ती रात्र शेवटची होती हे कळतं ती सरल्यावर. आणि त्याच तारखेला एका वर्षी माती भुसभुशीत असते, तर दुसऱ्या वर्षी पाय रुतेल इतकी ओली. माझ्या लेखी त्या तारखेचा अर्थ एवढाच, की वाफसा आलाय का, म्हणजे माती ओलसर पण मोकळी झालीय का, हे आता रोज मातीत हात घालून बघायला लागायचं.

उन्हातला, निचऱ्याचा वाफा तयार आहे असं धरतो. पेरताना नत्राचं खत घालू नका. नुसता पाला माजतो आणि शेंगा शोधाव्या लागतात. त्या जागी पूर्वी कधी मटार घेतला नसेल, तर बियाण्याला रायझोबियम जिवाणूखत (मुळांवर राहून हवेतलं नत्र पुरवणारे जिवाणू) चोळा.

आता दिवस ठरवण्याचं. इथे मी सलग दोन वर्षं आपटलो.

मटार ४-५ अंश सेल्सिअसलाही उगवतो, हे वाचून पहिल्या वर्षी बर्फ वितळताक्षणी अख्खी ओळ टोकली. तीन आठवडे काही दिसेना. बोटाने उकरलं तर बियांची सालं जागच्या जागी, आणि आत आंबूस वासाचा पांढरट लगदा. दोष थंडीला दिला. दुसऱ्या वर्षी लवकर कोंब यावेत म्हणून बी रात्रभर भिजवून पेरलं. ते आणखी लवकर सडलं!

‘उगवतो’ म्हणजे किती दिवसांत, हे कुणी सांगितलं नव्हतं. मातीचं तापमान ५ अंश असेल तर महिन्याहून जास्त लागतो. १० अंशांना साधारण दोन आठवडे, १५ अंशांना नऊ-दहा दिवस. म्हणजे घाई करून कमावलेले बरेचसे दिवस बी जमिनीत नुसतं पडून राहतं. माती मोकळी असेल तर निभावतं. चिबड, म्हणजे पाणी धरून बसलेली, असेल तर फुगलेल्या बीला हवा मिळत नाही, तिच्यातली साखर बाहेर झिरपते आणि बुरशीचं आयतंच फावतं. सुरकुतलेलं बी गोड वाणांचं. त्यात साखर जास्त, म्हणून तेच आधी सडतं. गोल, गुळगुळीत बी थंडीत जास्त तग धरतं. (मेंडेलने १८६६ साली छापलेल्या निबंधातली गोल आणि सुरकुतलेली बी ती हीच.) अगदी लवकर पेरायचंच असेल तर गोल बियांचा वाण घ्या. आणि थंड, ओल्या मातीत भिजवलेलं बी मुळीच घालू नका, कुणी कितीही सांगो.

वाफसा असा बघा. वरची माती वाऱ्याने सुकलेली असते, ती फसवते. आठ-दहा सेंटिमीटर खालची मूठभर माती काढा, घट्ट दाबा आणि मूठ उघडून गोळ्याला अंगठ्याने टोचा. तो भुगा होऊन सुटला तर पेरा. नुसता खळगा पडला, किंवा बोटांच्या फटींतून पाणी आलं, तर घरी जा. चिकणमातीला इतरांपेक्षा जास्त दिवस लागतात. शेजाऱ्याची ओळ हिरवी झाली म्हणून तुमच्या मातीला वाफसा येत नाही. उंच वाफा लवकर सुटतो. वाफसा आल्यावर दहा-बारा दिवस काळं प्लास्टिक अंथरलं तर माती थोडी ऊबही धरते.

थर्मामीटर असेल तर पाच सेंटिमीटर खोल खुपसा आणि आकडा सकाळीच घ्या. दुपारी पाहिलात तर ऊन तुम्हाला चढवून सांगेल. सलग चार-पाच सकाळी ७ अंशांच्या वर दिसलं की मी पेरतो.

उगवून आल्यावर मात्र थंडीचा बाऊ नको. कोवळं रोप उणे दोन-तीन अंश सहज सोसतं. मटाराच्या डाळिंब्या (बीची दोन दलं) जमिनीतच राहतात, त्यामुळे शेंडा करपला तरी खालच्या पेरातून नवा फुटवा येतो. फुलं तेवढी चिवट नसतात. ती गोठली की गेली.

दुसऱ्या टोकाची घाई खरी आहे. पारा २७ अंशांच्या वर राहू लागला की फुलं गळतात, दाणे भरत नाहीत. बऱ्याच वाणांना ६० ते ७० दिवस लागतात, तेवढे दिवस उन्हाळ्यापासून मागे मोजा. ती मुदत आली आणि वाफा अजून चिखलच असला, तरी चिखलात पेरू नका. लवकर येणारा बुटका वाण घ्या आणि थांबा.

पेरणी सोपी: तीन-चार सेंटिमीटर खोल, पाच सेंटिमीटरवर एक बी. मातीत ओल असेल तर कोंब दिसेपर्यंत पाणी नको. पाखरांसाठी जाळी. आधाराच्या काटक्या त्याच दिवशी रोवा, आणि बारीकच. जाड बांबूला तणावे वेढा घालू शकत नाहीत.

अर्धं बी राखून ठेवा आणि दोन आठवड्यांनी दुसरी ओळ धरा. पहिल्या ओळीत खाडे पडले असतील तर तेही तेव्हाच भरून घ्या.