शाळेत शिकवायचंय? पदवीचे विषय वेळापत्रक पाहून घ्या

बारावीनंतरच्या ॲडमिशन सुरू होतात तेव्हा आमच्या दारव्ह्याकडे पऱ्हाटीच्या पेरणीची लगबग असते. त्याही त्याच घाईत उरकतात. जवळचं कॉलेज, एसटीची वेळ, मित्रानं घेतलेले विषय; झाला फॉर्म. मीही असंच समाजशास्त्र घेतलं. बी.एड.ला ‘मेथड कोणती?’, म्हणजे शाळेत शिकवायचा विषय कोणता, असं विचारलं तेव्हा उमगलं, दहावीपर्यंत समाजशास्त्राचा तासच नसतो!

म्हणून आधी गावच्या हायस्कुलात जा आणि ऑफिसबाहेर लावलेलं वेळापत्रक वाचा. मराठी, हिंदी, इंग्रजी, गणित, विज्ञान, इतिहास-राज्यशास्त्र, भूगोल. पदवीचा तुमचा मेजर, म्हणजे मुख्य विषय यातलाच हवा.

मग एकाच शिक्षकाचं नाव कुठंकुठं येतं ते बघा. आठवी ते दहावी एकेक तुकडीची शाळा असली, की गणित आणि विज्ञानाला बहुधा एकच सर. पटावर शिक्षक मंजूर होतात, त्यामुळे दोन विषय पेलणारा माणूस शाळेला सोयीचा. इथंच आपली पोरं फसतात. गणिताला भिऊन सीबीझेड (रसायन, वनस्पती, प्राणिशास्त्र) घेतात. विज्ञान शिकवता येतं, गणित हातचं जातं. बारावीला गणित असेल तर भौतिक-रसायन-गणितच घ्या. जवळच्या कॉलेजात गणित नसेल तर तालुका बदला, विषय नको.

कला शाखेत इंग्रजी वाङ्मय आणि सोबत इतिहास किंवा भूगोल, ही माझ्या मते सगळ्यात चालणारी जोडी. आवश्यक इंग्रजी सगळ्यांनाच असतं, ते धरू नका. कॉमर्सवाल्यांना जागा शोधाव्या लागतात त्या अकरावी-बारावीला, आणि तिथं त्या विषयातली पदव्युत्तर पदवीही लागते.

पदवीला 50 टक्के (राखीव प्रवर्गाला 45) सांभाळा, नाहीतर बी.एड.च्या सीईटीनंतर अडाल. बी.एड. दोन वर्षांचं. सहावी ते आठवीसाठी टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, पेपर क्रमांक दोन असतो. त्यातही गणित-विज्ञान की सामाजिक शास्त्र हे निवडावं लागतं. राज्याच्या पवित्र पोर्टलवरच्या शिक्षकभरतीसाठी 200 गुणांची टेट (अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी) वेगळी.

फॉर्म भरण्याआधी विषयांची चिठ्ठी घेऊन जवळच्या बी.एड. कॉलेजात जा. प्राचार्यांना एवढंच विचारा: “सर, या पदवीवर मला कोणत्या दोन मेथड मिळतील?” उत्तर एकाच विषयावर थांबलं, तर चिठ्ठी तिथंच खोडा.